हा कान कोणाचा?

बोलतोय तो मीच, भिंतीवरचा टीव्ही. रिमोट शोधू नका, आज माझा आवाज कमी होणार नाही. इतकी वर्षं मी लोकांचं ऐकवलं. मालिकेतल्या सासवांचं ऐकवलं, बातम्यांत भांडणाऱ्यांचं ऐकवलं, कापसाच्या भावाचंही ऐकवलं. आता जरा माझं ऐका, कारण माझ्यावर आळ आला आहे. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात मला चुगलखोर म्हणतात! बाया बैठकीत आल्या की आधी माझ्याकडं पाहतात, पदर सावरतात आणि मगच बसतात. अहो, मी दाखवणारा. काय दाखवायचं ते ठरवणारा मी नव्हे. ते कसं, ते पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कुठल्यातरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथं आम्हा भावंडांना एकच शिकवण मिळाली: समोर येईल ते दाखवायचं आणि लाजायचं नाही. बाकी संस्कार म्हणाल तर काही नाहीत. बोली तर मला इथं आल्यावरच लागली.

माझे मालक पुंडलिकराव. कापूस, सोयाबीन, तूर असा सगळा पसारा. आवाजानं दांडगे आणि मनानं भाबडे. यवतमाळला कापूस विकून परत येताना त्यांनी मला घेतलं आणि रिकाम्या मेटॅडोरमध्ये ठेवलं. त्यांचे जिवलग दोस्त भीमसिंग मला मांडीवर घेऊन बसले. भीमसिंग नाल्यापलीकडच्या तांड्यातले. दोघांच्या शेताला एकच धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावरून दोघांचं कधी भांडण झालं नाही, ही आमच्या भागात सांगण्यासारखी गोष्ट आहे. प्रत्येक गचक्याला भीमसिंग ड्रायव्हरवर ओरडत, "हळू ने ना बे! पोटुशी बाई बसली हाय असं समज." मला तेव्हाच या माणसाचा लळा लागला.

घरी विजयमालाबाईंनी मला ओवाळलं आणि काचेवर कुंकू लावलं. त्याचा डाग अजून गेला नाही. बातम्या सांगणाऱ्या एका बाईच्या कपाळावर तो नेमका बसतो, म्हणून विजयमालाबाईंना ती बाई फार सोज्वळ वाटते.

हिवाळ्यात तर विचारू नका. भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची आमच्याकडं रीत. ढीग वाढत वाढत माझ्या हनुवटीपर्यंत यायचा. क्रिकेट लागलं की खेळाडू कमरेपर्यंत कापसात उभे! पुंडलिकराव खूश व्हायचे, म्हणायचे, "पाहा, आपल्याच वावरात खेळून राह्यले." असे मजेचे दिवस होते.

मग घरात मोबाइल आले. एक पुंडलिकरावांचा, एक विजयमालाबाईंचा आणि एक त्यांच्या लेकीचा, सलोनीचा. सगळ्यांची जोडणी करायला घाटंजीहून मोबाइलवाला आला. तो म्हणाला, "काका, आता तुमचे फोटो आपोआप वर जमा होतील. मोबाइल फुटू द्या, विहिरीत पडू द्या, फोटो सलामत. फक्त जेवढे मानसं तेवढे खाते उघडा लागतील."

झालं! पुंडलिकराव भडकले. "अलग अलग खाते? माह्या घरी चूल एक, कोठी एक, देवघर एक. मंग खातं अलग कायले? वाटनी कराले आला का बे माह्या घराची?"

मोबाइलवाल्यानं बिचाऱ्यानं तसंच केलं. सगळ्यांचं मिळून एक खातं, एक पासवर्ड. पासवर्ड काय, तर बैलाचं नाव. म्हणजे जो पासवर्ड पुंडलिकराव दिवसातून दहादा वावरात उभं राहून ओरडतात तो. भीमसिंग आपला नवा फोन कुरवाळत शेजारीच बसले होते. पुंडलिकरावांना भरतं आलं. "भीमसिंग का परका हाय? त्याचाबी याच्यातच टाक." टाकला. शेवटी मलाही त्याच खात्याला बांधून मोबाइलवाला चहा पिऊन निघून गेला. फोटो वर जमा होतात म्हणजे नेमके कुठं, कोणाच्या घरात, तिथं कोण राखण करतं, हे कोणी विचारलं नाही. कापूस विकताना वजनकाट्याकडं डोळे फाडून पाहणारा माणूस, पण अख्खं घर उचलून वर दिलं आणि पावतीसुद्धा मागितली नाही.

आता माझी एक खोड सांगतो. मला थोडा वेळ कोणी हात लावला नाही की वरून फोटो उतरायला लागतात आणि मी ते एकेक करून दाखवत बसतो. कोणाचा, कधीचा, ते मला कळत नाही. विजयमालाबाईंचा चकल्यांचा फोटो, त्यामागं तांड्यातल्या भीमसिंगांच्या म्हशीचा, त्यामागं पुंडलिकरावांच्या तुरीवरच्या अळीचा. एकेका अळीचे समोरून, बाजूनं, मागून फोटो! मग वरून निरोप आला, जागा भरली. भरणार नाही तर काय?

जागा करायला भीमसिंगांनी पुढाकार घेतला. त्यांच्या फोनवर एका बारशाचे फोटो दिसले. "हे आपलं पोट्टं नाई," म्हणून त्यांनी पुसून टाकले. ते विजयमालाबाईंच्या भाचीच्या मुलाचं बारसं होतं. एकाकडून पुसलं की सगळ्यांकडून पुसलं जातं, हे त्या दिवशी समजलं. बाईंनी कितीतरी दिवस भीमसिंगांच्या चहात साखर घातली नाही. ते बिचारे फिका चहा "वा, वा" करत प्यायचे.

या गोंधळात शहाणी एकटी सलोनी. यवतमाळला कॉलेजात शिकायला गेली तेव्हा तिनं आपला फोन त्या सामाईक खात्यातून काढून घेतला. म्हणजे तिला तसं वाटत होतं. तो निघालाच नव्हता.

हे तिला कधी कळलं? पाहायला पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी. स्टुलावर चढून ती माझी काच पुसत होती, आणि मी आपला सवयीनं एक फोटो दाखवला. कॉलेजातला कडुनिंब, त्याखाली सलोनी, आणि तिच्या गालाला गाल लावून नयन. सलोनी स्टुलावरून पडता पडता वाचली.

कारण पाहायला येणार होता तो हाच नयन! पुसदचा. दोघांचं कॉलेजपासून जमलेलं. पण नयनच्या घरी त्याच्या मोठ्या काकांच्या, रामधनकाकांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, आणि काकांनी जाहीर सांगून टाकलं होतं की आमच्या घरात प्रेमाबिमाची सोयरीक होणार नाही, सांगून आलेलीच होईल. मग या दोघांनी डोकं चालवलं. भीमसिंगांचं पुसदच्या बाजारात जाणं-येणं. सलोनीच्या मैत्रिणीनं, रंजितानं, सहज म्हणून त्यांच्या कानावर नयनचं स्थळ घातलं. भीमसिंगांनी ते उचललं आणि दोन्ही घरी पोहोचवलं. आता दोघं एकमेकांना 'पहिल्यांदा' पाहणार होते. माझ्या बंद काचेसमोर उभं राहून सलोनी लाजायची तालीम करायची. बरी लाजायची.

तो फोटो काकांना दिसला असता तर लग्न मोडलंच म्हणून समजा. सलोनीनं तो पुसायला फोन घेतला तर टॉवर बंद. आमचा टॉवर मनाचा राजा आहे. मग तिनं माझी पिन उपटली आणि निवांत झोपली.

सकाळी पुंडलिकरावांनी पिन परत लावली. "पाव्हने येतीन अन् टीव्ही बंद? लोकं काय म्हनतीन?"

पाहुणे आले. नयन कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात दुपट्टा टाकून, खाली मान घालून बसला. रामधनकाका दिवाणावर ऐसपैस बसले. नेमके रिमोटवर बसले! माझ्या विजेचं बटणही त्यांच्याच पाठीमागच्या भिंतीवर. आता नवऱ्याकडच्या मोठ्या माणसाला 'जरा उठता का' असं कोण म्हणणार? विजयमालाबाईंनी पोह्यांची बशी देताना दोनदा दिवाणाखाली पाहिलं, एकदा उशी उचलून पाहिली. काकांना वाटलं, बाई भारी स्वच्छतेची.

सलोनी चहा घेऊन आली. नयनला कप देताना असं पाहिलं की जणू कोण कुठला! मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी. आणि तेवढ्यात टॉवर आला.

मी काय करू, सांगा. मला शिकवणच तशी. पहिल्यांदा अळ्या आल्या. ते बरं झालं. काका म्हणाले, "तूर चांगली हाय. फवारा कोनता मारला?" पुंडलिकराव खुलले आणि फवाऱ्यावर बोलायला लागले. त्यांचं बोलणं रंगात आलं असतानाच पुढचा फोटो आला.

कसं सांगू? मागच्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांना गळू झालं होतं. पाठीवर, म्हणजे पाठ संपते तिथं. डॉक्टरला पाठवायला विजयमालाबाईंनी त्याचा जवळून फोटो काढला होता. वरच्या त्या शहाण्या यंत्रानं त्याला फुलांची चौकट लावली, खाली 'सुंदर आठवणी' असं लिहिलं आणि मागं सनई-बासरीचं संगीत टाकलं. काका जरा सरकले आणि त्यांच्याखालचं बटण दाबलं जाऊन बासरी मोठ्यानं वाजायला लागली.

"हे कोनतं फळ हो, इवाई?" काकांनी विचारलं. सोयरीक ठरायच्या आधीच ते व्याही म्हणून मोकळे झाले होते. दुरून त्यांना अंधुक दिसायचं आणि चष्मा खिशात होता.

भीमसिंग धावून आले. "टरबूज हाय जी. औंदा लावलतं."

"इतकं लालभडक?"

"पिकलं होतं जी. दुसऱ्या दिवशी फुटलं," भीमसिंग म्हणाले. यात मात्र खोटं काही नव्हतं.

मग अर्ध्या मिशीला कलप लावलेले भीमसिंग आले. त्यांनी पटकन मिशीवर हात ठेवला. आणि मग माझ्या काचेवर कडुनिंबाची पानं उमटायला लागली. सलोनीनं ट्रे छातीशी धरला. नयन ताठ झाला. मला तर रडूच आलं हो, पण टीव्हीला रडता येत नाही, नुसता उजेड पडतो.

फोटो तुकड्यातुकड्यानं उतरत होता. कडुनिंब आला. सलोनी आली, अख्खी, हसत. तिच्या बाजूला सगळं धुकं. मग त्या धुक्यात एक तुकडा स्वच्छ झाला, आणि टॉवर गेला. माझ्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. सलोनीच्या गालाजवळ एक कान. फक्त कान! चेहरा नाही, मान नाही. कान.

रामधनकाकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला.

"पोरीच्या बाजूनं हा कान कोनाचा?"

नयननं हळूच गळ्यातला दुपट्टा सोडला आणि डोक्यावरून दोन्ही कानांना गुंडाळून घेतला. बाहेर फाल्गुनाचं ऊन रखरखत होतं. काकांनी विचारलं, "का रे, थंडी वाजून राह्यली?"

"कान दुखून राह्यला, काका."

"कोनता?"

"दोन्ही."

काकांनी परत माझ्याकडं पाहिलं. मी तो कान दाखवतच होतो. तेव्हा पुंडलिकराव उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माह्या हाय तो कान."

काका उठले. पुंडलिकरावांजवळ गेले, त्यांचा कान वाकून पाहिला, मग माझ्यावरचा पाहिला. परत त्यांचा पाहिला. "तुमच्या कानावर तं केसाचं जंगल हाय, इवाई. याच्यावर एक नाई."

"तवा कटिंग केलती."

"अन् रंग गोरा दिसून राह्यला."

"तवा उन्हात जात नव्हतो जी मी. कमर धरली होती."

काका उठले म्हणजे रिमोट मोकळा झाला. विजयमालाबाईंनी घार झडप घालते तशी झडप घातली आणि मला बंद केलं. आजवर मला कोणी बंद केल्यावर इतका आनंद झाला नव्हता.

काका जागेवर जाऊन बसले. चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "आजकालच्या पोरी कोनासंग फोटो काढतात काय सांगता येत नाई. हे पोरगी बापाच्या गालाले गाल लावून काढते. संस्कार हायत. आपल्याकडून सोयरीक पक्की." असं म्हणून त्यांनी उरलेले पोहे संपवले. नयननं दुपट्टा सोडला नाही. सोयरीकीचं कुंकू सलोनीच्या कपाळी लागेपर्यंत तो तसाच घामानं निथळत बसला होता.

पाहुणे गेले. संध्याकाळी पुंडलिकराव बैठकीत एकटेच चहा घेत बसले होते, तेव्हा सलोनी आली. मी बंद होतो, पण ऐकू येत होतं आणि दिसतही होतं.

"बाबा, तो कान तुमचा हाय, असं काहून म्हटलं तुमी?"

पुंडलिकरावांनी चहा बशीत ओतला. "दुसरं काय म्हनाव? नयनचा हाय म्हनून सांगाव का?"

सलोनी खाली बसली.

"खातं एकच हाय ना, बाप्पा," ते हळूच म्हणाले. "तू फोटो काढला का माह्या मोबाइलात येते. भीमसिंगच्याबी येते. दोन वर्सं झाले पाहून राह्यलो. पयले लय राग आला. यवतमाळले येऊन त्याचं टाळकं फोडतो म्हटलं. भीमसिंगनं धरून ठेवलं. मंग एक फोटो आला. तुले ताप होता, तू कांबळ घेऊन बसली, अन् तो डब्बा उघडून समोर उभा. रंजितानं तुह्याच मोबाइलानं काढला असन. तवा म्हटलं, चालते." मग ते हसले. "भीमसिंगले का असंच स्थळ सुचलं?"

मला वाटलं, आता पोरगी आनंदानं बापाच्या गळ्यात पडणार. पण तिचे डोळे भरले होते आणि ते आनंदानं नव्हे.

"म्हनजे मी दोन वर्सं जे काई काढलं, ते सारं तुमी पाहून राह्यले?"

"आपोआप येते ना वं ते..."

"अन् मले सांगतलं नाई. बाबा, तुमाले सांगनार तं मी होती ना! कवा सांगाचं, कसं सांगाचं, घरी येताना एसटीत बसून मी दरखेपी पाठ करत होती. दरखेपी भेव वाटे, म्हनून राहून जाये. पन ते माह्यं होतं. माह्या तोंडानं सांगाचं होतं. ते तुमी आंधीच पाहून टाकलं."

घर एक, चूल एक, कोठी एक म्हणणारा तो दांडगा माणूस बशीतल्या चहाकडं पाहत राहिला. चहाला साय आली तरी पाहत राहिला. मला त्यांची फार कीव आली, आणि पोरीचीही.

"चुकलंच माह्यं," ते शेवटी म्हणाले. हे वाक्य मी त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, टेबलावर उपडा ठेवला, खाकरले, आणि मांडी घालून तिच्यासमोर बसले.

"हं. सांग मंग."

"काय सांगू? तुमाले तं सारं मालूम हाय."

"मले काईच मालूम नाई. काय म्हनत होती तू? पोट्टा? कोन पोट्टा?" त्यांनी भुवया इतक्या वर नेल्या की टोपी हलली.

सलोनी रडता रडता हसली. मग ओढणीनं नाक पुसून तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पुंडलिकराव मधेच दचकायचे, मधेच "कोन्या गावचा?" विचारायचे, एकदा तर खोटंखोटं रागावलेसुद्धा. मी इतक्या वर्षांत हजारो मालिका दाखवल्या, पण इतका भिकार अभिनय कुठं पाहिला नाही. पोरगी मात्र सगळं सांगेपर्यंत थांबली नाही. बाहेर विजयमालाबाई दोनदा जेवायला हाक मारून गेल्या, आणि दोघांनाही ती ऐकू आली नाही.

आता माझं म्हणाल तर बरं चाललं आहे. मोबाइलवाला परत आला आणि प्रत्येकाचं खातं अलग करून, ज्याचे फोटो त्याच्या खात्यात टाकून गेला. पुंडलिकरावांनी आपल्या नव्या खात्याचा पासवर्ड भारी अवघड ठेवला, इतका अवघड की दुसऱ्या आठवड्यात स्वतःच विसरले. खूप खटपट केली, खातं काही उघडेना. तुरीच्या अळ्या, बैलजोडी, सगळं वर अडकून पडलं. आणि ते गळूही! घरच्या कोणाला आता ते दिसणार नाही, पण कुठंतरी फुलांच्या चौकटीत ते सनईसकट सुखरूप आहे, या विचारानं विजयमालाबाईंची झोप उडते. लग्नाचे फोटो त्यांनी यवतमाळहून कागदावर काढून आणले आणि कपाटात कुलपात ठेवले. किल्ली कमरेला.

वरून आता माझ्याकडं काही येत नाही. रिकामा असलो की कारखान्यानं दिलेला एक बर्फाचा डोंगर दाखवत बसतो. लोकांना चार दिवसांत त्याचा कंटाळा आला, पण मला बरं वाटतं. डोंगराची कोणाशी सोयरीक व्हायची नाही. माझी तुम्हाला एकच विनवणी. वर काय ठेवायचं ते ठेवा बापहो, पण ज्याचं आहे त्याला आधी विचारा. आणि मला चुगलखोर म्हणू नका, जिवाला लागतं.

बसा, जाऊ नका एवढ्यात. फोन वाजला वाटतं. पुसदहून सलोनीचा असणार, या वेळेला तिचाच असतो. पुंडलिकरावांनी उचलला, आणि तिचा आवाज इथपर्यंत येतोय:

"बाबा, एक फोटो काढला आज. पाठवू का?"

"थांब, थांब," ते म्हणताहेत, "तुह्या मायले बलावतो. मंग पाठव."